आरोप, निकाल आणि भागधारक



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, नाट्यसंगीताची चर्चा ऐकता. त्या पंगतीत भागधारकांच्या फजितीचा विषय घेऊन बसणे म्हणजे रसभंग करणे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु पाडव्याच्या दिवशी गोडाधोडाच्या आधी कडुनिंबाची पाने खाण्याची आपली रीत आहे. माझे आजचे व्याख्यान आपण त्या पानांच्या जागी समजावे.

विषय असा आहे. एखादी लहानशी कंपनी असते. तिच्या प्रमुखावर आपला विश्वास बसलेला असतो. आपण, आपल्या मेहुण्याने, आपल्या कचेरीतल्या चार जणांनी तिचे शेअर घेतलेले असतात. आणि एके दिवशी सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडावे, तर त्याच प्रमुखावर लबाडीचा आरोप छापून आलेला! त्या दिवशी भागधारक काय करतो, आणि त्याने काय करावे, एवढाच माझा प्रश्न आहे. दिसायला प्रश्न पैशाचा आहे. पण थोडे खोल गेले की तो विवेकाचा होतो.

या प्रश्नासाठी मी आपल्याला दूरच्या एका गावी नेणार आहे. जवळची उदाहरणे नाहीत असे नाही. दुर्दैवाने ती पुष्कळ आहेत. परंतु जवळच्या उदाहरणात कोणाचा तरी पैसा अडकलेला असतो, कोणाचे तरी नाते असते, आणि मग विचार बाजूला राहून वाद सुरू होतो. दूरच्या उदाहरणाला एक सोय असते. त्यात आपण कोणाच्याच बाजूचे नसतो. शिवाय मी सांगणार आहे त्या कथेचा शेवट न्यायालयात झालेला आहे, त्यामुळे अंदाजाने बोलण्याचे कारण नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिसच्या परिसरात रेसिडा नावाची वस्ती आहे. तेथे १९८२ साली बॅरी मिन्कोव नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने आईबापांच्या घराच्या गॅरेजमध्ये गालिचे धुण्याचा धंदा सुरू केला. धंद्याचे नाव लिहायचे चार वेळा झेड काढून पुढे ‘बेस्ट’, आणि म्हणायचे ‘झी बेस्ट’. शाळकरी मुलाने धंदा काढावा, माणसे नेमावीत, पगार वाटावेत, याचे कोणाला कौतुक वाटणार नाही? तेथील लोकांनाही वाटले. कंपनी वाढली. १९८६ साली तिचे शेअर खुल्या बाजारात आले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या महापौरांनी एक दिवस ‘बॅरी मिन्कोव दिन’ म्हणून जाहीर केला. पुढच्या वर्षी हा मुलगा ओप्रा विन्फ्रे यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात दिसला. १९८७ च्या वसंतात शेअरचा भाव अठरा डॉलरांच्या घरात होता, आणि बाजारभावाने कंपनीची किंमत वीस कोटी डॉलरांच्या वर गेली होती. प्रमुखाचे वय होते एकवीस.

आता गालिचे धुऊन इतका पैसा होतो का? होत नाही. कंपनीचे सांगणे असे होते की, आग लागून किंवा पाणी शिरून ज्या इमारतींचे नुकसान होते, त्या पूर्ववत करून देण्याची मोठमोठी कामे विमा कंपन्यांकडून आम्हाला मिळतात. कंपनीच्या उत्पन्नापैकी सुमारे ८६ टक्के उत्पन्न या कामांतून येते असे दाखवलेले होते. आणि यांपैकी जवळजवळ एकही काम खरे नव्हते. कागद होते, बिले होती, पत्रे होती; इमारत नव्हती. जुन्या देणेकऱ्यांचे पैसे नव्या कर्जातून भागवायचे आणि एका बँकेतले दुसऱ्या बँकेत फिरवून उलाढाल दाखवायची, असा सारा मामला होता.

आपण म्हणाल, हिशेब तपासनीस काय करत होते? ते एका नामांकित पेढीचे होते, आणि त्यांनी एक काम डोळ्यांनी पाहण्याचा आग्रहही धरला होता. तेव्हा मिन्कोवच्या साथीदारांनी सॅक्रामेंटो शहरातील एक मोठी इमारत शोधली, जागा भाड्याने घ्यायची आहे असे सांगून तिच्यात जाण्याची परवानगी मिळवली, सुटीच्या दिवशी आत आपल्या कंपनीच्या पाट्या लावल्या आणि तपासनिसांना ती फिरवून दाखवली. त्याआधी त्यांच्याकडून लिहूनही घेतले होते की, या कामाबाबत ठेकेदार, विमा कंपनी किंवा इमारतीचा मालक यांच्याकडे परस्पर चौकशी करणार नाही. म्हणजे बघा, पाहायला परवानगी होती, विचारायला नव्हती. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ वीस कोटी डॉलरांची होती.

ती मूठ उघडली कोणी? पोलिसांनी नव्हे, बँकेने नव्हे, शेअरबाजारातल्या पंडितांनीही नव्हे. एका गृहिणीने उघडली. या बाईने झी बेस्टकडून काही काम करून घेतले होते, आणि तिच्या क्रेडिट कार्डावर काही शे डॉलर जास्तीचे लावले गेले होते. पैसे परत मागितले तर टोलवाटोलवी होऊ लागली. तिने पिच्छा सोडला नाही. आपल्यासारखेच आणखी कोणी आहेत का याचा शोध घेतला, ते सापडले, त्यांच्या हकिकती आणि आकडे तिने नोंदवून ठेवले आणि ते टिपण एका पत्रकाराच्या हाती दिले. २२ मे १९८७ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये बातमी आली की, या तरुण उद्योजकाच्या मागे क्रेडिट कार्डांवरील खोट्या आकारणीचा मोठा इतिहास आहे.

या बाईने जे केले ते आपण नीट लक्षात ठेवू या. मुलगा चांगला आहे की वाईट, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. तिने विचारले, माझे जास्तीचे पैसे कोठे आहेत? कोट्यवधींचा हिशेब तपासणाऱ्यांना जे दिसले नाही, ते घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला दिसले. मोठ्या आकड्यापुढे माणूस दबतो. लहान आकड्याशी तो भांडू शकतो.

आता येथून आपला खरा विषय सुरू होतो. बातमी आली त्या वेळी भाव २८ टक्क्यांनी कोसळला. आपण म्हणू, झाले, लोकांना कळून चुकले. पण मी या आकड्याकडे उलट्या बाजूने पाहतो. २८ टक्के गेले, म्हणजे ७२ टक्के उरले. आणि बाजाराचा साधा नियम असा आहे की विकणारा तेव्हाच विकू शकतो जेव्हा घेणारा असतो. म्हणजे त्या दिवशी जितके शेअर भीतीने विकले गेले, तितकेच शेअर कोणीतरी, ‘बरी संधी आली’ म्हणून घेतले. पुढे काही आठवड्यांतच ही कंपनी दिवाळखोरीत जायची होती. तरी तिचे शेअर घेणारे लोक त्या दिवशी होते, आणि जवळचे न विकता धरून ठेवणारे तर त्याहून कितीतरी अधिक होते.

ते मूर्ख होते का? तसे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. प्रमुखाने लगेच खुलासा केला होता की, खोट्या आकारणीचा दोष बेइमान ठेकेदारांचा आणि एका नोकराचा आहे. आठवड्याभरात कंपनीने विक्रमी नफ्याचे निवेदन काढले. ते काढताना हिशेब तपासनिसांना विचारलेही नव्हते. पण भागधारकाला हे कसे कळावे? त्याच्या हातात दोन कागद होते. एकावर लिहिले होते, ‘तुम्ही फसलात’, आणि दुसऱ्यावर, ‘तुम्ही श्रीमंत होत आहात’. यांपैकी कोणता कागद मनुष्य खरा मानील, हे सांगायला पंडित लागत नाही.

तरीही पंडितांनी ते सांगितले आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक सिद्धान्त मांडला. त्याचे सार असे की, शंभर रुपये मिळाल्याचा आनंद जेवढा होतो, त्यापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख कितीतरी अधिक होते. आणि ते दुःख टाळण्यासाठी माणूस एरवी पत्करणार नाही असे धाडस पत्करतो. शेअर विकला नाही तोवर तोटा कागदावर असतो, विकला की तो पदरात पडतो. म्हणून माणूस विकत नाही. त्याला वाटते आपण धीर धरला आहे. वास्तविक त्याने डोळे मिटलेले असतात.

परंतु मला यापुढचे सांगायचे आहे. पैशाच्या दुःखापेक्षा मोठे दुःख आणखी एक आहे, ते म्हणजे आपण चुकलो हे कबूल करण्याचे. शेअर घेताना आपण नुसता कागद घेतलेला नसतो. चार लोकांत बसून आपण म्हटलेले असते, ‘माणूस बावनकशी आहे हो!’ आता त्या माणसावर आरोप आला की तो आपल्या पारखीवरही येतो. मग आपण त्याचे वकीलपत्र घेतो. त्याने नेमलेले नसते, त्याची फी मिळायची नसते, उलट पैसे आपलेच गेलेले असतात. तरी आपण त्याच्या वतीने तावातावाने भांडतो. ‘हा प्रतिस्पर्ध्यांचा कट आहे’, ‘वर्तमानपत्रांना खप हवा आहे’, ‘भाव पाडून स्वस्तात घेणाऱ्यांची ही चाल आहे’. आपल्याकडचे असो की अमेरिकेतले, आरोपाच्या दुसऱ्या दिवशी भागधारकांच्या तोंडी हीच तीन वाक्ये असतात. आणि या तिन्हींचा खरा अर्थ एकच असतो, की मी चुकलेलो नाही.

याला जोडून आणखी एक वाक्य येते, आणि ते फार भारदस्त असते. ‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोषच मानला पाहिजे.’ बंधुभगिनींनो, हे तत्त्व थोर आहे. पण ते कोठले आहे? ते न्यायालयातले आहे. तेथे एका बाजूला सरकारची सारी ताकद असते आणि दुसऱ्या बाजूला एकटा मनुष्य असतो. त्याचे स्वातंत्र्य हिरावले जाण्याचा प्रसंग असतो. म्हणून तेथे पुराव्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर टाकले आहे, आणि ते योग्यच आहे. पण माझा पैसा कोणाच्या हाती ठेवायचा, हे ठरवताना ओझे उलट बाजूला असते. तेथे पैसे मागणाऱ्याने आपला भरवसा पटवून द्यायचा असतो. मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाविषयी काही वावगे कानावर आले, तर न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत त्याला निर्दोष मानून आपण अक्षता टाकतो का? नाही, आपण चौकशी करतो. चौकशी केल्याने त्या मुलावर अन्याय होत नाही. आपण त्याला तुरुंगात पाठवत नसतो. फक्त आपले माणूस त्याच्या घरी द्यावे की नाही, एवढेच पाहत असतो.

तेव्हा न्यायालयाचे तत्त्व गुंतवणुकीच्या बाजारात आणून उभे करणे ही पहिली चूक. झी बेस्टचा निकाल लागला केव्हा ते पाहा. बातमी मे १९८७ ची. जूनच्या दुसऱ्या तारखेला हिशेब तपासनिसांनी काम सोडले. पण का सोडले, हे लोकांसमोर यायला जुलैचा मध्य उजाडला. दरम्यान २ जुलैला मिन्कोवने प्रकृतीचे कारण सांगून राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात कंपनीचे दिवाळे निघाले. आरोपपत्र आले जानेवारी १९८८ मध्ये. डिसेंबर १९८८ मध्ये ज्यूरीने त्याला ५७ कलमांखाली दोषी ठरवले, आणि मार्च १९८९ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाचे काम न्यायाच्या गतीने झाले. परंतु निकालाची वाट पाहत बसलेल्या भागधारकाला निकाल मिळाला तेव्हा कंपनी उरलेली नव्हती. तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला, तो सुमारे ६२ हजार डॉलरांना. वीस कोटींच्या मुठीत एवढेच निघाले.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग ठरले तर, आरोप आला की विकून मोकळे व्हावे. थांबा. याच मनुष्याच्या आयुष्याचा दुसरा अंक अजून सांगायचा आहे, आणि तो या निष्कर्षाच्या अगदी उलट आहे.

मिन्कोव तुरुंगात सुमारे साडेसात वर्षे राहिला. सुटल्यावर तो सॅन दिएगो येथे एका चर्चचा धर्मोपदेशक झाला, आणि दुसऱ्यांच्या लबाड्या उघडकीस आणण्याची संस्थाही त्याने काढली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, या न्यायाने लोकांनी त्याचे कौतुक केले; त्याने काही खऱ्या लबाड्या उघडही केल्या. जानेवारी २००९ मध्ये त्याने लेनार या घरबांधणी करणाऱ्या मोठ्या कंपनीवर भयंकर आरोप जाहीर केले. दोन आठवड्यांच्या आत तिचा शेअर सुमारे साडेअकरा डॉलरांवरून साडेसहा डॉलरांच्या आसपास आला. पुढे निष्पन्न झाले ते असे की, लेनारशी वाद असलेल्या एका व्यावसायिकासाठी मिन्कोवने हे काम हाती घेतले होते आणि भाव पडल्यावर फायदा व्हावा असे सौदेही करून ठेवले होते. २०११ साली त्याने गुन्हा कबूल केला, पुन्हा पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ५८ कोटी डॉलरांहून अधिक भरपाईचा हुकूम झाला. त्यानंतर २०१४ साली, ज्या चर्चमध्ये तो उपदेश करत होता त्याच चर्चच्या भाविकांना फसवल्याबद्दल आणखी पाच वर्षे झाली.

पाहा कसा योग आहे! १९८७ साली या मनुष्याच्या बाजूने जे उभे राहिले ते बुडाले. आणि २००९ साली याच मनुष्याचा आरोप ऐकून ज्यांनी घाईघाईने लेनार विकले, तेही बुडाले. पहिल्यांनी आरोपीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, दुसऱ्यांनी आरोप करणाऱ्यावर. दोघांची चूक एकच होती. दोघांनीही माणसाकडे पाहिले, वस्तूकडे पाहिले नाही.

वस्तूकडे पाहणे म्हणजे काय, हे आपल्या देशातल्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कंपनी मात्र मोठी होती. मिन्कोवने लेनारवर आरोप केले त्याच आठवड्यात, ७ जानेवारी २००९ रोजी, हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नाही. येथे तर आरोप करणाराही दुसरा कोणी नव्हता. त्या एका दिवसात शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या आसपास आला. खरे म्हणजे भागधारकांना तीन आठवडे आधीच वास लागला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने राजू कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या विकत घेण्याचे ठरवले, तेव्हा गुंतवणूकदारांनी असा गिल्ला केला की काही तासांत तो बेत सोडून द्यावा लागला. ‘आमचा पैसा तुमच्याच घरात का नेता?’ हा तो प्रश्न होता. कॅलिफोर्नियातल्या त्या गृहिणीच्या प्रश्नाचाच हा थोरला भाऊ.

राजू यांना २०१५ साली विशेष न्यायालयाने दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली; त्यावर अपील झाले. परंतु तो झाला माणसाचा निकाल. कंपनीचा निकाल निराळा लागला. सत्यममध्ये रोकड खोटी होती, पण हजारो तंत्रज्ञ खरे होते, गिऱ्हाईके खरी होती, चालू कामे खरी होती. सरकारने जुने संचालक मंडळ बाजूला केले, नवे नेमले, आणि एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने बोली लावून कंपनी हाती घेतली. झी बेस्टच्या इमारती नव्हत्याच, म्हणून उरले ६२ हजार डॉलर. सत्यमची माणसे होती, म्हणून कंपनी उरली. प्रमुख दोषी आहे की नाही हा एक प्रश्न, आणि कंपनीत खरे काय आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर न्यायाधीश देतील. दुसऱ्याचे उत्तर भागधारकाने शोधायचे आहे, आणि तेही निकालाच्या आधी.

तेव्हा आरोपाच्या दिवशी काय करावे? मी दलाल नव्हे. घ्या किंवा विका असे मी कोणाला सांगणार नाही. पण तीन प्रश्न सांगतो. आरोप ज्याबद्दल आहे, ते कंपनीच्या मुळाला लागते की फांदीला? नफ्याचा मोठा भाग ज्या कामातून येतो असे सांगतात, ते काम कंपनीबाहेरच्या, तिच्याशी हितसंबंध नसलेल्या कोणी डोळ्यांनी पाहिले आहे का, आणि त्याला विचारायची मोकळीक होती का? आणि तिसरा प्रश्न, आरोप करणाऱ्याचा आणि खुलासा करणाऱ्याचा, दोघांचाही, यात लाभ काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर उत्तर न मिळणे हेच उत्तर समजावे. आणि उत्तरे मिळेपर्यंत एक गोष्ट मात्र करू नये. भाव पडला म्हणून आणखी पैसे घालून सरासरी उतरवण्याच्या नादी लागू नये. बुडत्या होडीत बसलेल्याने आणखी सामान चढवू नये, हे आपल्या कोकणातला कोणीही नावाडी सांगेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, याचे कारण हे सारे मी स्वतः करून चुकलो आहे. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तिच्या प्रमुखावर आरोप आल्याचे मी सकाळी वाचले, आणि दुपारी आणखी शेअर घेतले. कशासाठी? पैशासाठी नव्हे. मी बरोबर होतो हे सिद्ध करण्यासाठी. पण माझ्या मनाला लागून राहिली आहे ती गोष्ट वेगळीच आहे. माझ्या सांगण्यावरून माझ्या धाकट्या बहिणीने त्याच कंपनीत पैसे घातले होते. ती वर्तमानपत्रातले ते पान वाचत नसे. आरोपाची बातमी मला कळली, तिला कळली नाही, आणि मी तिला सांगितली नाही. ‘उगाच कशाला घाबरवा, थोडे दिवसांत मिटेल’, असे मी स्वतःला समजावले. तीन महिन्यांनी तिला बाहेरून कळले. ती मला एवढेच म्हणाली, “दादा, तुला ठाऊक होतं ना?” बुडालेल्या रकमेचा आकडा मी आज विसरलो आहे. ते वाक्य विसरलो नाही.

म्हणून माझे शेवटचे सांगणे शेअरबाजाराविषयी नाही. आपल्यासारख्या गावात पैसा जाहिरातीने गुंतत नाही, ओळखीने गुंततो. एक शिक्षक घालतो, त्याच्या मागून शाळेतले सहा जण घालतात. एक निवृत्त कारकून घालतो, त्याची सारी गल्ली घालते. आपण भागधारक होताना कोणाचे तरी शब्द ऐकलेले असतात, आणि कोणीतरी आपले ऐकलेले असतात. त्यामुळे आरोपाच्या दिवशी आपल्यावर एक कर्तव्य येते, ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. आपल्या सांगण्यावरून ज्यांनी पैसे घातले, त्यांच्या दारी त्याच संध्याकाळी जावे. ‘विका’ म्हणू नये, ‘ठेवा’ म्हणू नये. त्याचे वकीलपत्र घेऊ नये आणि त्याला फासावरही चढवू नये. बातमीचा कागद पुढे ठेवावा आणि म्हणावे, ‘हे असे छापून आले आहे. मी तुम्हाला सांगितले होते, म्हणून हेही मीच सांगायला आलो आहे.’

हे सांगताना मान खाली जाते, हे मी जाणतो. पण निकाल काहीही लागो, ती मान पुढे केव्हातरी वर करता येते. न सांगणाऱ्याची मात्र, प्रमुख पुढे निर्दोष सुटला तरीही, वर होत नाही. कारण कसोटी प्रमुखाची नव्हती, आपली होती.

त्या गृहिणीचे काही शे डॉलर होते. तिला ते पैसे परत मिळवून गप्प बसता आले असते. पण तिने आपल्यासारखे दुसरे कोण फसले आहेत ते शोधले आणि त्यांच्या हकिकती आपल्या टिपणात मांडल्या. शेजाऱ्याचा हिशेबही आपल्या वहीत ठेवणारी अशी माणसे ज्या गावात असतील, त्या गावात लबाडी होणार नाही असे मी म्हणत नाही. पण ती फार दिवस झाकून राहणार नाही.

कडुनिंबाची पाने संपली. उद्यापासून या व्यासपीठावर पुन्हा गोड पदार्थ वाढले जातील, याची मी अध्यक्षमहाराजांच्या वतीने खात्री देतो, आणि आपली रजा घेतो.